कप्तानाचा डावा हात

सुंदररावांनी नातीचा फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि तो खाली ठेवायची त्यांना भीती वाटत होती. पडद्यावर कप्तान विश्वंभर तिसऱ्या चंद्रावरच्या विहिरीतून पाणी शेंदत होता. अंगठा वर सरकवला की तो डाव्या हातानं दोर ओढायचा, खाली सरकवला की उजव्या.

"कसा वाटला, आजोबा?" सुकन्यानं विचारलं.

"चांगला हाय की," सुंदरराव म्हणाले आणि खुर्चीवरून उठून कॉटवर बसले. मग कॉटवरून उठून पुन्हा खुर्चीवर.

'तिसऱ्या चंद्राची वसाहत' ही सुंदररावांनीच लिहिलेली नऊ भागांची विज्ञान कादंबरीमाला. नांदूरघाटच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ती दहा वर्षांत लिहून काढली आणि बीडच्या एका छोट्या छापखान्यानं छापली. नववा भाग येऊन सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर ती कुणी पुन्हा छापली नाही आणि छापा म्हणून सांगण्याचं धाडस सुंदररावांना झालं नाही. आता पुण्याला मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागलेल्या सुकन्यानं त्या मालिकेवरून एक खेळ तयार केला होता. कंपनीची अट एकच होती. हा खेळ मूळ मालिकेशी जुळतो, असं लेखकाचं पत्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. नाहीतर नावं बदलायची. कप्तान विश्वंभरचा कॅप्टन मॅक्स होणार आणि तिसऱ्या चंद्राचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही.

"दोन ओळी तर लिहायच्यात," सुकन्या म्हणाली.

"लिहितो की. जरा गुंडप्पाकडून चहापत्ती घेऊन येतो."

"चहापत्ती हाय घरात," आतून कौशल्याबाई म्हणाल्या. पण सुंदररावांच्या पायात तोवर चप्पल गेली होती.

गुंडप्पांचं किराणा दुकान चार घरांपलीकडे. गावात या मालिकेचा एकच पक्का वाचक होता आणि तो म्हणजे गुंडप्पा. नऊही भाग त्यांनी खाकी कव्हर घालून, गल्ल्यामागच्या फळीवर, बसवेश्वरांच्या तसबिरीखाली ठेवले होते. कप्तानाच्या आईचं माहेर कुठल्या ग्रहावरचं, हे लेखकाला आठवत नसे, गुंडप्पांना आठवे.

"गुंडप्पा, सहज विचारतो," सुंदरराव म्हणाले. "कप्तानाचा हात कोणता तुटला होता?"

"डावा. चौथा भाग, उल्कावर्षावात. खांद्यापासून." गुंडप्पांनी साखरेची पुडी बांधता बांधता सांगितलं. मग त्यांचा हात थांबला. "कावून?"

सुंदररावांना खोटं बोलता येत नसे आणि खरंही धड बोलता येत नसे. त्यांनी खेळाबद्दल अर्धवट सांगितलं, उरलेलं गुंडप्पांनी काढून घेतलं.

"दोन्ही हातानं पाणी शेंदतोय? मग हा खेळ आपल्या मालिकेतला न्हाई, गुरुजी. लेक असू द्या का नात. तुमी सही करू नका."

"तुम्ही म्हणता तर नसेलच," सुंदरराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे सुकन्याला सांगितलं. ती हसली. "अहो आजोबा, मग खेळ चौथ्या भागाच्या आधी घडतो असं समजा. तेव्हा दोन्ही हात होते की."

"तू म्हणतेस तर असेलच," सुंदरराव म्हणाले.

आजोबांनी हो म्हटलं, हे सुकन्यानं दूध आणायला गेल्यावर गुंडप्पांना सांगितलं. गुरुजींनी नाही म्हटलं, हे गुंडप्पांनी तिला सांगितलं. पाच मिनिटांत गुंडप्पा दुकान तसंच उघडं टाकून सुंदररावांच्या ओसरीवर हजर झाले.

"पोरी, चौथ्याच्या आधी म्हणतीस. विहीर कवा खांदली? पाचव्या भागात. आधी घडतंय म्हणावं तर विहीर न्हाई. नंतर घडतंय म्हणावं तर हात न्हाई. आता बोल."

दोघांनी सुंदररावांकडे पाहिलं. सुंदरराव भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते. ते आधीपासून सरळच होतं.

"तुमच्यानं हे मिटायचं न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "धर्मराजआप्पांकडं जा. गावातली बांधाची निम्मी भांडणं त्यांनीच मिटवलीत."

धर्मराजआप्पा निवृत्त तलाठी. एकोणतीस वर्षं त्यांनी सातबारा सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, "यात अवघड काय हाय? मालिका म्हणजे मूळ अभिलेख. खेळ म्हणजे नवा फेरफार. फेरफाराची नोंद घ्यायची तर आधी नोटीस लावावी लागती. हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, निकाल द्यायचा. कायद्यात पंधरा दिवस हायत. आपण तीन धरू."

"नोटीस नको," सुंदरराव म्हणाले. "लोकांना कशाला…"

"नोटिशीबिगर नोंद म्हणजे चोरी, गुरुजी."

मंगळवारी सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर धर्मराजआप्पांच्या वळणदार अक्षरातली नोटीस लागली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे तिसरा चंद्र येथील वसाहतीमध्ये सुकन्या हिचे खेळाची नोंद घेणेचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास तीन दिवसांत लेखी द्यावी. मुदतीनंतर आलेली तक्रार ऐकली जाणार नाही.'

नांदूरघाटात अशी नोटीस कुणी पूर्ण वाचत नाही. जमीन कुठली, कुणाची, हे नंतर बघता येतं. आधी हरकत घालून ठेवायची, कारण मुदत गेली की गेली. दुपारपर्यंत एकेचाळीस हरकती आल्या. कुणाची वहिवाटीची वाट बंद होत होती, कुणाच्या आज्याचं नाव मूळ उताऱ्यात होतं. छबुबाईंनी आपल्या हरकतीत लिहवून घेतलं होतं की, विहिरीत आपला चार आणे हिस्सा आहे.

"छबुबाई, ही विहीर चंद्रावर आहे," सुंदरराव त्यांना काकुळतीनं म्हणाले.

"असू दे की. आपल्या इथं तरी कुठं पाणी हाय? हिस्सा असलेला बरा."

सुंदररावांनी धर्मराजआप्पांना हात जोडले. त्यावर आप्पांनी दुसरी नोटीस लावली. मूळ अभिलेख पाहिल्याशिवाय हरकत चालणार नाही, असं तिच्यात होतं. लोक कंटाळतील आणि जातील, असा त्यांचा अंदाज होता. पण हरकत मागं घेणं म्हणजे हक्क सोडणं, आणि तसं आजवर गावात कुणी केलं नव्हतं. एकोणीस माणसं गेली, बावीस राहिली. आता ह्या बावीस जणांना नऊ भाग वाचायचे होते. वाचनालयातला संच वाळवीनं खाल्ला होता. राहिला गुंडप्पांचा. गुंडप्पा पुस्तक कुणाच्या हातात देईनात.

"मी वाचून दाखवतो," ते म्हणाले. "हात कुणी लावायचा न्हाई."

बुधवारी दुपारपासून वाचन सुरू झालं. गुंडप्पा मधल्या खुर्चीवर, भोवती सतरंजीवर बावीस हरकतदार. पहिला भाग निवडून निवडून वाचला, तरी दुसऱ्या भागापासून लोकच म्हणू लागले, "गाळू नका, समदं वाचा." चौथ्या भागात कप्तानाचा हात गेला तेव्हा एका म्हाताऱ्यानं डोळ्याला टॉवेल लावला. पाचव्यात विहिरीला पाणी लागलं तेव्हा कुणीतरी बाहेर जाऊन नारळ आणला.

सुंदरराव आत बसू शकले नाहीत. ते वाचनालयाच्या बाहेर या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत होते. खिडकीतून वाक्य ऐकू आलं की, हे आपण असं का लिहिलं, असं वाटून ते पुढच्या खांबाकडे जात. गुरुवारी संध्याकाळी नववा भाग सुरू झाला तेव्हा ते थेट घरी निघून गेले आणि कौशल्याबाईंना म्हणाले, "मला जरा कणकण वाटतेय."

"वाटंल न्हाई तर काय," त्या म्हणाल्या. "चार मैल चालला असाल आज, जागच्या जागी."

शुक्रवारी सकाळी सुनावणी बसली. धर्मराजआप्पांनी टेबलावर लाल फडकं अंथरलं होतं. एका बाजूला गुंडप्पा, दुसऱ्या बाजूला फोन घेऊन सुकन्या, आणि दाराजवळ, लागलीच बाहेर पडता येईल अशा बेतानं, सुंदरराव.

"मुद्दा एकच," गुंडप्पा म्हणाले. "विहीर आन डावा हात ह्या दोन गोष्टी एका वेळेला असूच शकत न्हाईत. मालिकेत कुठंच न्हाईत. म्हणून हा खेळ मालिकेतला न्हाई."

"कुठंच न्हाईत?" छबुबाईंनी विचारलं.

"न्हाईत."

"मग काल नवव्याची दोन पानं तुमी कावून उलटली?"

गुंडप्पांनी नववा भाग जवळ ओढला.

"चिकटली असतील," गुंडप्पा म्हणाले.

"चिकटली न्हाईत. तुमी खोकला आन उलटली. मला वाचता येत न्हाई, गुंडप्पा, पर कागद वाचणाराच्या बोटावर माझी नदर असती. सासऱ्याचं आठ गुंठं एका उलटलेल्या पानात गेलं. ती दोन पानं वाचा आधी."

"त्यात काही न्हाई."

"काही न्हाई तर वाचा की."

गुंडप्पांनी पुस्तक छातीशी धरलं. धर्मराजआप्पांनी हात पुढे केला. "अभिलेख दडवता येत न्हाई. इकडं द्या." गुंडप्पांनी दाराकडे, सुंदररावांकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक दिलं. आप्पांनी चष्मा लावून, फेरफार वाचावा तशा सुरात वाचलं, "कप्तान विश्वंभरने विहिरीच्या काठावर पाय रोवले आणि दोन्ही हातांनी दोर ओढला."

"तेच तर मी घेतलंय," सुकन्या म्हणाली. "घरात सगळे नववेच भाग होते. कॉटखाली अडीचशे प्रती आहेत. मी लहानपणी तोच वाचला. बाकीचं आजोबा तोंडी सांगायचे, त्यामुळे हे कुठल्या भागातलं ते मलाच आठवत नव्हतं."

"म्हणजे पोरीचा फेरफार बरोबर हाय," धर्मराजआप्पा म्हणाले. "मूळ नोंदच चुकलेली हाय. गुरुजी, पुढं या. कप्तानाला हात परत फुटला काय?"

सुंदरराव दारातून निसटू शकले असते. पण छबुबाईंनी दारासमोरची सतरंजी थोडी सरकवून तिथंच बसकण मारली होती. ते टेबलापाशी आले. सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि ते रोज त्याच्या उत्तराची तयारी करत होते. आता एकही उत्तर आठवेना.

"विसरलो होतो," ते म्हणाले. "नववा लिहिताना, हात तुटलाय हेच विसरलो. छापून आल्यावर दिसलं. वाटलं, आता पत्रं येतील, लोक शिव्या देतील. वाट पाहिली. एक पत्र आलं नाही. मग कळलं की नववा कुणी वाचलाच नाही. म्हणून दहावा लिहिला नाही."

"कुणी वाचला न्हाई असं कोण म्हणतं?" गुंडप्पांचा आवाज चढला होता. "छापून आला त्याच दिशी वाचला मी. त्याच दिशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून. आजवर कुणाला त्या पानापाशी जाऊ दिलं न्हाई. ह्या खेळाला नाट लावली ती पण त्याच्यासाठीच. खेळ आला की लोक पुस्तक उघडणार, आन पुस्तक उघडलं की हात दिसणार."

"मला वाटलं, कुणी वाचत नाही," सुंदरराव पुन्हा म्हणाले.

"आन ह्यांना वाटलं, तुमाला ठाव न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "दोघंबी सारखेच. सव्वीस वर्सं एकाच गल्लीत राहून एवढं बोलता येईना तुमाला?"

गुंडप्पांनी आप्पांपुढचं पुस्तक ओढून घेतलं. मग ते खाकी कव्हराची घडी नीट करू लागले.

"निकाल ऐका," धर्मराजआप्पांनी पेन उघडलं. "नवव्या भागातला डावा हात चुकीनं आलेला हाय, हे खरं. पर तो सव्वीस वर्सं तिथं हाय आन मुदतीत कुणी हरकत घेतली न्हाई. ज्यांना ठाव होतं तेबी गप बसले. म्हणजे हाताची वहिवाट झाली. हात आता हलत न्हाई. नववा मालिकेत, आन खेळ नवव्याला लागून. नोंद मंजूर."

"आन माझी विहीर?" छबुबाई म्हणाल्या.

"चंद्रावर गेलात की बघू."

सुकन्यानं पुण्याला फोन लावला आणि पत्र येतंय म्हणून सांगितलं. आप्पा खाली वाकून लिहीत होते. खातेदार, सुकन्या. हरकतदार, गुंडप्पा व इतर बावीस. मग ते थांबले.

"चतुःसीमा लिहाव्या लागतील. पूर्वेला काय?"

"नववा भाग," गुंडप्पांनी सांगितलं.

"पश्चिमेला?"

पश्चिमेला काहीच नव्हतं. नवव्याच्या पुढं सुंदररावांनी काही लिहिलंच नव्हतं.

"पडीक लिहितो," आप्पा म्हणाले.

"पडीक कुणाची?" छबुबाईंनी लगेच विचारलं. बावीस माना वर झाल्या. दोघांतिघांनी कागद शोधायला खिशात हातसुद्धा घातला.

"माझी," सुंदरराव म्हणाले. आपण एवढ्या मोठ्यानं बोललो याचं त्यांना जरा नवल वाटलं.

"मग इथं सही करा. लगतचे खातेदार." आप्पांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आन पडीक ठिवू नका, गुरुजी. ह्या लोकांना तुमी वळखता."

सुंदररावांनी सही केली. गुंडप्पा त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"या वेळेला दर पान मला दाखवून पुढं जायचं," ते हळूच म्हणाले. "हात मोजायला मी बसतो."