गोल शिक्क्याचं पिल्लू

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही!" कमलाकरराव कुठलीही गोष्ट अशीच सुरू करतात. आणि यवतमाळकरांनी त्यांचा हा शब्द आजवर कधी खाली पडू दिलेला नाही. कोणीच ठेवत नाही.

पण एका बाबतीत अख्ख्या कॉलनीचा त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा होता. कागद! चौतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्डखोलीत काढलेला माणूस. खरेदीखत नुसतं हुंगून "यात भानगड आहे" म्हणायचे, आणि भानगड निघायचीच. रिटायर झाल्यावर घरात त्यांना कोणी काही विचारीनासं झालं. भाजी कोणती आणायची हेसुद्धा रत्नप्रभाबाई विचारत नसत, सांगत. उरला होता तो कॉलनीच्या बागेतला सकाळचा बाक. तिथे लोक फायली घेऊन यायचे आणि "साहेब" म्हणायचे. त्या एका 'साहेब'वर कमलाकररावांचा पुढचा दिवस ढकलला जायचा.

शेजारचे रामराव तर प्लॉट घ्यायला निघाले होते आणि म्हणाले होते, "साहेब, तुमची नजर फिरल्याबिगर मी सही करत नाई!"

अशात कॉलनीतून दोन पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या आणि कमलाकररावांनी जाहीर केलं, "जर्मन शेफर्ड घेणार!"

त्यांचा मुलगा साकेत नागपूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, घ्या. पण विकणारा नीट पारखा. पिल्लाची आई पाहा, जागा पाहा, आणि तो माणूस तुम्हाला काय काय विचारतो तेही पाहा."

"तू मला शिकवतोस? लोक फसतात, कारण ते पिल्लू पाहतात. मी पिल्लाकडे ढुंकून पाहणार नाही. मी पाहणार विकणाऱ्याचे कागद!"

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "म्हणजे रात्री राखणीला फाईल बांधायची का दाराशी?"

पहिली स्वारी गेली महागावकडच्या एका तांड्यावर, धरमसिंगकडे. धुतलेलं अंगण, पाण्याची स्वच्छ घमेली, आणि सावलीत पाच पिल्लांना पाजत पडलेली कुत्री. अशी भारदस्त की कमलाकररावांचा हात नमस्काराला अर्धा वर गेला.

धरमसिंगनं खाट टाकली आणि चौकशी सुरू केली. "घर केवढं हाय साहेब?"

"तीन खोल्या. हॉल धरून चार."

"तुमचं नाई, कुत्र्याचं इचारून राह्यलो. अंगण हाय का?"

"आहे."

"फिरवाले कोण नेणार?"

"मी."

धरमसिंगनं त्यांच्या पोटाकडे एकदा आदरानं पाहिलं. "दोन टाइम?"

दारातून त्याची बायको बसंतीबाई म्हणाली, "आन गावाले गेले त कोण पाहीन त्याले? याच्याआधी कुत्रं पाळलं होतं का? त्याचं काय झालं?"

कमलाकररावांना घाम फुटला. नोकरीच्या मुलाखतीतही त्यांना इतके प्रश्न विचारले नव्हते!

"आता पाच हप्त्याचे हाय," धरमसिंग म्हणाला. "आठ झाल्याबिगर मी आईपासून तोडत नाई. तीन हप्त्यानं या. आन नाईच जमलं त दुसऱ्याले देऊ नका, मलेच वापस आणून द्या."

"मी काय सोयरीक जुळवायला आलोय? कागद दाखवा!"

धरमसिंगनं आईबापाची नोंदणी आणली, डॉक्टरांचं कार्ड आणलं, कुत्रीच्या कमरेच्या हाडांचा एक्स-रेसुद्धा आणला. कमलाकररावांनी तो उलटा धरून सूर्याकडे पाहिलं आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"यावर गोल शिक्का कुठे आहे?"

"हाडाच्या फोटोले शिक्का कायले पाह्यजे?"

"गोल शिक्का नाही म्हणजे कागद नाही!"

"साहेब, कुत्री समोर बसून हाय. तिलेच पाहा ना!"

"कुत्री हा पुरावा होत नाही!" असं ठणकावून कमलाकरराव उठले.

दुसरी स्वारी वणीच्या रस्त्यावर, लखनसेठच्या गाळ्यात. लखनसेठनं एक प्रश्न विचारला नाही. खुर्ची पुसली, चहा मागवला, दोन मिनिटांत बारा वेळा "साहेब" म्हणाला आणि लाल फितीत बांधलेली फाईल समोर ठेवली.

अहाहा! पानांना क्रमांक! वर जावक क्रमांक, तारीख! सात पिढ्यांची वंशावळ, खापरपणजोबा थेट जर्मनीत! एके ठिकाणी खाडाखोड, तर तिच्या शेजारी बारीक सही! आणि चार गोल शिक्के. चारही पुसट. एक अक्षर वाचता येईल तर शपथ! कमलाकररावांचे डोळे पाणावले. खरा शिक्का कधी स्पष्ट उमटला आहे का? चौतीस वर्षांत एकदाही नाही!

पिल्लू कोपऱ्यात बिस्किटांच्या खोक्यात झोपलं होतं. त्याच्याकडे गेल्या त्या फक्त रत्नप्रभाबाई.

"याची आई कुठे आहे हो?"

"आई मुकुटबनले हाय वहिनी. ड्यूटीवर."

"कुत्री? ड्यूटीवर?"

"बंदोबस्ताले गेली."

"अगं, पान नऊवर तसा दाखला आहे!" कमलाकरराव कौतुकानं म्हणाले आणि सही केली.

पिल्लाचं नाव ठेवलं कर्नल. पहिल्याच आंघोळीत कर्नलच्या पाठीवरचा काळा रंग बादलीत उतरला. कमलाकरराव म्हणाले, "लहानपणी जातो." शेपूट हळूहळू वर वळत वळत जिलबी झाली. कमलाकरराव म्हणाले, "तिकडे थंडी असते, गोळा करून ठेवतात." दारात कोणीही भजी घेऊन आलं की कर्नल त्याला घरभर हिंडवून दाखवायचा. "पाहुणचाराचं शिक्षण आहे!"

पण कान? जर्मन शेफर्डचे कान कसे, सलामी दिल्यासारखे ताठ! कर्नलचे कान वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लोंबत होते. सहा महिने झाले, आठ झाले. शेवटी कमलाकररावांनी ज्या लाल फितीनं जन्मभर फायली बांधल्या, तिनंच दोन्ही कान डोक्यावर उभे बांधले. पाच मिनिटांत कान फितीसकट आडवे! फाईल इतक्या लवकर कचेरीतही आडवी पडली नव्हती.

मग रत्नप्रभाबाईंनी भिंग आणलं आणि पुसट शिक्का उन्हात धरून चिकाटीनं वाचला. "अहो, हे कुठलं तरी भजनी मंडळ आहे!"

लखनसेठचा फोन लागेना. गाळ्यात आता उसाचा रस मिळत होता.

"धरमसिंगकडे जाऊन या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "चुकलो म्हणा."

"आणि कॉलनीत कळलं तर? कोण दाखवेल मग मला कागद?"

कळायचं काय राहिलं होतं! दुसऱ्याच दिवशी समोरच्या अनघाताई प्रेमानं म्हणाल्या, "गावठी पाळलं का काका? छान केलं हो, बिचाऱ्यांना कोण विचारतं!"

काका! साहेब नाही, काका! त्या आठवड्यात बाकावर एकही फाईल आली नाही. रामराव बगलेत प्लॉटची फाईल घेऊन बाकासमोरून तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा त्यांना वर झाडावर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

चौथ्या खेपेला कमलाकररावांनी त्यांना हाक मारूनच थांबवलं. मागून आणखी चारपाच फिरणारे जमले. कर्नल बाकाखाली पोट वर करून झोपला होता.

"पांढरकवड्याच्या रस्त्यानं गेलतो रविवारी. हा सोबत. गाडी थांबवली, खाली उतरलो, तर कपाशीतून समोर वाघ!"

"बापरे!" कोणीतरी म्हणालं. रामराव बाकाच्या कडेवर टेकले. फाईल बगलेतून मांडीवर आली.

"लहानसहान नाही, म्हशीएवढा! माझे पाय जागच्या जागी गार. पळू म्हटलं तर गाडी मागे, वाघ पुढे!"

"मंग?"

"मंग काय! हा पुढे झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. रक्तच तसं! नुसता उभा. वाघ याच्याकडे पाहतो, हा वाघाकडे. एक मिनिट, दोन मिनिटं..."

फाईल रामरावांच्या मांडीवरून बाकावर आली, कमलाकररावांच्या अगदी हाताशी. तिची फीत त्यांच्या बोटांना लागली. आठ दिवसांनी कागदाचा वास! कमलाकररावांना राहवलं नाही.

"...आणि याचे दोन्ही कान असे ताडकन् उभे राहिले! भाल्यासारखे! ते कान पाहिले मात्र, आणि वाघ शेपूट घालून आल्या वाटेनं परत!"

बाकाखाली कर्नलनं कूस बदलली आणि एक कान रामरावांच्या चपलेवर अलगद येऊन पडला.

रामरावांनी त्या कानाकडे बराच वेळ पाहिलं. मग फाईल उचलून बगलेत मारली.

"साहेब, वाघ वापस गेला, मान्य हाय. त्याले काही काम असन. पण याचे कान उभे राह्यले? साफ झूट!"