तिसरी पुकार

आमच्या राजेंद्र नगरात जगदाळेकाकांकडे चहा मिळतो, पण तीन हाकांच्या आत पोचलं तरच. सकाळी ते दारात उभे राहून गरजतात, "जोशी वकीऽऽल, हाजिर होऽऽ!" मी शेजारी राहत असूनही तिसऱ्या हाकेपर्यंत माझी चप्पल सापडत नाही. मग माझा कप ते स्वतःच पितात आणि निकाल देतात, "अदम पैरवी में खारिज!" म्हणजे, बाजू मांडायला कुणी हजर नव्हतं, सबब फेटाळलं.

काका दिवाणी कोर्टात शिपाई होते. उभा जन्म पक्षकारांची नावं पुकारण्यात गेला. पणजोबा संस्थानच्या दरबारात ललकारी द्यायचे, तेव्हा घराण्याचा आवाज वाया गेला नाही. भाजीवाला असो की जावई, तीन हाका झाल्या की खारिज. "पुकार झाली ना भिया, आता काय मतलब?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य; भिया म्हणजे भाऊ.

त्यांचं स्वतःचंही एक अपील होतं. हातोदच्या मळ्यातल्या विहिरीवरून धाकट्या भावाशी, दत्तूशी, भांडण. खालच्या कोर्टात काका हरले आणि अपिलासाठी त्यांनी मला वकील केलं. माणसाच्या हातून चुका होतातच. चौदा वर्षं मी युक्तिवादाला उभा राहिलो की ते माझा कोट ओढायचे. "वकीलसाब, आज तारीख घेऊन टाका ना." त्यांना माझ्या युक्तिवादाची धास्ती वाटत असावी, असं मी समजत होतो. माझी वकिली पाहता ते पटण्यासारखंही होतं.

मग नवे जजसाहेब आले आणि रेंगाळलेली जुनी अपिलं धडाधड निकाली निघू लागली. त्या दिवशी आमचं प्रकरण उशिरा निघेल असं गृहीत धरून मी कोर्टासमोर पोहे खात होतो. वर शेव कमी पडली म्हणून दुकानदाराशी वाद घातला, आणि तो जिंकलो. परत येतो तर अपील खारिज. तीनदा पुकार झाली, कुणीच हजर नव्हतं.

माझं ठीक आहे, पण काका कुठे होते? शोधत मागच्या कडुनिंबाखाली गेलो. तिथे एका बाकावर काका आणि दत्तूभाऊ ओले हरभरे सोलत बसले होते. दत्तूभाऊ सोलत होते आणि काकांच्या तळहातावर दाणे ठेवत होते. पुकार दोघांच्याही कानावर गेली नव्हती. चौदा वर्षं तारीख मिळताच मी पोह्यांकडे पळत आलो, त्यामुळे हे कधी पाहिलंच नव्हतं.

मी चाचरत सांगितलं. काका ओरडतील म्हणून मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. दाणे मुठीत धरून म्हणाले, "मतलब... आता तारीख नाही?"

तो आवाज मला सोसवेना.

"अर्ज करून अपील पुन्हा उभं करता येईल," मी म्हणालो, "पण समोरची बाजू विरोध करेल."

समोरची बाजू हरभऱ्याची टरफलं झटकत उठली. "विरोध कोण करतोय, वकीलसाब? मी लिहून देतो ना. दादाचं अपील परत लावून द्या."

"अहो, मग एकमेकांच्या घरीच का जात नाही?"

दोघांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. काका म्हणाले, "केस चालू आहे ना भिया! घरी कसं जाणार?"

अर्जाच्या दिवशी मी पोहे खाल्ले नाहीत. शिपायाने पहिली हाक दिली, "जगदाळे बनाम जगदाळे..." आणि पुढचं त्याला म्हणावंच लागलं नाही. दारातून दोन म्हातारे आवाज एकदम आले, "हाजिर!"

मी दत्तूभाऊंनी लिहून दिलेला कागद पुढे केला. अपील परत लागलं, आणि पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.