साळवेकाकांचं भागतंय

साळवेकाकांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूचं कौतुक करायचं नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला येणाऱ्या प्रत्येकाला नळाच्या वेळा सांगायच्या आधी सांगितलं जातं. कारण काका ती वस्तू देऊन टाकतात.

आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. अंबरनाथला नुकतेच आलो होतो. आई त्यांच्याकडे विरजण मागायला गेली आणि बोलता बोलता म्हणाली, "पडद्यांचा रंग छान आहे हो!" परत आली ती एका हातात विरजणाची वाटी आणि खांद्यावर दोन पडदे घेऊन. मागून काका, हातात पडद्यांचा दांडा.

"वहिनी, स्क्रू पण आणलेत. सुहास, ड्रिल आहे का तुझ्याकडे?"

"अहो काका, पण तुमच्या खिडकीचं काय?"

"आपलं भागतंय की!"

हे त्यांचं पालुपद. शमुवेल साळवे हा माणूस सरकारी कारखान्यातून रिटायर झाला, नगरकडच्या खणखणीत आवाजात चर्चमध्ये गायनं गातो, आणि घरात काय आहे यापेक्षा काय नसलं तरी चालतं याचाच विचार करतो. मोरिवलीच्या एका वॉचमनला बसायला खुर्ची नाही हे दिसल्यावर काकांनी आपली आरामखुर्ची डोक्यावर घेऊन तिकडे पोचवली. स्वतः पेपर वाचायला जिन्यात बसू लागले. वर आम्हालाच म्हणाले, "इथं वारा मस्त येतो रे! उगाच इतकी वर्षं घरात बसलो."

रूथकाकू घर राखतात. पाहुण्यांची चाहूल लागली की मिक्सर कपाटात जातो. "दोन असले तर एक दे, असं पवित्र शास्त्र सांगतं," त्या म्हणतात. "ह्यांच्याकडे एकच असलं तर हे ते अर्धं कापायला बसतात." असं म्हणत म्हणत त्या स्वतः मात्र खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला महिनाभर डिंकाचे लाडू पुरवतात. ते लाडू मोजायचे नसतात. ती गोष्ट वेगळी.

काकांची जेवणाआधीची प्रार्थना हा आणखी एक प्रकार. अन्नाबद्दल देवाचे आभार मानायचे, एवढंच खरं तर काम. पण काका भात पिकवणाऱ्यापासून सुरुवात करतात. मग तो ट्रकमधून आणणारा, मग सिलेंडर घेऊन चार मजले चढणारा, मग टँकरचा ड्रायव्हर. "आणि हे स्वर्गीय बापा, आमची लिफ्ट दुरुस्त न करणाऱ्यालाही सुबुद्धी दे..." इथवर आले की रश्श्यावर साय धरते. मग काकू मध्येच जोरात "आमेन!" म्हणतात. नाताळला त्यांच्याकडे जेवायला जाताना आम्ही घरून दोन घास खाऊन निघतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. सकाळची उपासना आटोपून काका जिना चढत होते आणि त्यांच्याबरोबर एक खूप म्हाताऱ्या बाई होत्या. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, एका पायात चप्पल. काकांचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"या माउली रिक्षा स्टँडवर उन्हात बसल्या होत्या," काका म्हणाले. "कुठं जायचं विचारलं, तर हात धरला आणि घरी चल म्हणाल्या. म्हणून आलो."

"पण कुणाच्या घरी?"

"आता मला दुसरं कुठलं घर माहितीय, सुहास?"

बाई फक्त सिंधी बोलत होत्या. म्हणजे शेअर रिक्षात बसून उल्हासनगरहून आल्या असणार, एवढं कळलं. नाव, पत्ता काही सांगता येईना. काकांना मात्र त्या "किशू" म्हणत होत्या.

"मी किशू नाही, माउली. साळवे. शमुवेल साळवे."

"हा हा, किशू," असं म्हणून बाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला.

काका गोंधळून काकूंकडे बघायला लागले. "मी हिला खोटं कसं सांगू?"

"खोटं नका सांगू," काकू म्हणाल्या. "नुसती ओ द्या. घाबरल्यात त्या."

मी बाईंचा फोटो काढला, पोलीस चौकीत जाऊन कळवलं आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. परत येऊन बघतो तर बाईंनी काकूंचा ओटा ताब्यात घेतला होता! कांदा, मिरची घालून जाडजूड कोकी लाटत होत्या. कोकी म्हणजे सिंध्यांची ती खरपूस पोळी. आणि रूथकाकू, ज्यांच्या ओट्याला हात लावायची काकांचीही टाप नाही, नव्या सुनेसारख्या बाजूला तूप घेऊन उभ्या होत्या. पोळपाट बाईंच्या पसंतीस उतरला नव्हता, हे भाषा न कळताही कळत होतं.

पानं वाढली. काकांनी डोळे मिटले. प्रार्थना शेतकऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या मनगटावर फटकन चापट मारली.

"मानी खाउ, पुट!"

जेव, बाळा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात खरेदी करून करून एवढं सिंधी आम्हा सगळ्यांना येतं. काकांनी डोळे उघडले. बाईंनी कोकीचा तुकडा मोडला, लोणच्याला लावला आणि सरळ त्यांच्या तोंडात घातला.

मला वाटलं, आता काका हसतील. ते हसले नाहीत. तो घास कितीतरी वेळ चावत राहिले. मग स्वतःच हळू आवाजात "आमेन" म्हणाले आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

संध्याकाळी कॅम्प तीनहून बाईंची सून धावत आली. जीन्स शिवायचा छोटा कारखाना चालवते ती. रडत रडत पाया पडायला लागली. किशू तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. "अम्मा को बताया था, पर भूल जाती हैं. जरा दरवाजा खुला मिला कि उनको ढूंढने निकलती हैं."

पण अम्मा निघायला तयार होईनात. सुनेचा हात झिडकारला, काकांचा धरून ठेवला. सून म्हणाली, "छोड़ो ना अम्मा, ये किशू नहीं हैं." त्यावर अम्मांचं तोंड असं झालं की आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

"चला," काका म्हणाले. "मी येतो ना सोबत." आणि चर्चच्या कडक इस्त्रीच्या शर्टात रिक्षात अम्मांशेजारी बसून निघून गेले.

तेव्हापासून दर रविवारी उपासना झाली की काका कॅम्प तीनला जातात. मला वाटलं, चला, द्यायला घरात वस्तू उरल्या नाहीत, म्हणून आता वेळ द्यायला लागले. तसं त्यांना म्हणालोही, "काका, लोकांसाठी तुम्ही किती करता!"

काका एकदम अवघडले. म्हणाले, "आज येतोस का माझ्याबरोबर?"

रिक्षात त्यांनी सांगितलं. आई त्यांना आठवतच नाही. मिशनच्या बोर्डिंगात वाढले. "चांगली माणसं होती रे. पोटभर मिळायचं. पण जेवायची वेळ झाली की घंटा वाजायची आणि आम्ही रांगेत उभं राहायचो. भूक लागली का असं कुणी विचारत नव्हतं, घंटाच विचारायची. पुढं रूथ विचारायला लागली. पण बायको ती बायको." थोडं थांबून, बाहेर बघत ते म्हणाले, "अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी जेवताना मारलं, सुहास. मी तिथं काही द्यायला जात नाही. घ्यायला जातो."

त्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं होतं, त्यामुळे पोचायला उशीर झाला. सुनेनं दार उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज सुबह से किसी को पहचान नहीं रही हैं."

काका उंबऱ्यातच थांबले. आत कॉटवर अम्मा बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. बराच वेळ नुसतंच पाहिलं. काकांनी शर्टाच्या बाह्या उगाच सारख्या केल्या. एवढा धिप्पाड माणूस, पण पाऊल आत टाकायचा धीर होईना.

मग अम्मांच्या कपाळावर आठी पडली.

"एतिरी देर, पुट?"

"रिक्षा मिळाली नाही, अम्मा," काका म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडे पळाले.