तीस पाठांची मोहीम आणि लुचियाचे माघारी जाणे

श्रीकुलदेवतेस दंडवत, वाग्देवीस दंडवत, आणि ज्याने माणसास जीभ दिली परंतु कान वापरावयाचे शिकविले नाही त्यासही लांबून दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्रापासून मार्गशीर्षापावेतो जे वर्तमान जाहले ते लिहितो. भीड कोणाची धरली नाही.

एक राज्य होते, नाव घेत नाही. तेथे श्रीमंत शिदोजीराव गादीवर होते. त्यांस एकच कन्या, चिमाबाई. चिमाबाईंनी नऊ वर्षांमागे आपले मर्जीने इटली मुलखातील गृहस्थाशी लग्न केले, आणि श्रीमंतांस राग आला, आणि तो राग श्रीमंतांनी गादीपेक्षा जास्त सांभाळला. फोन वाजला तो उचलला नाही, पत्र आले ते फोडले नाही, आणि गतसाली चिमाबाई त्या मुलखातच तापाने वारल्या. मग श्रीमंत तीन दिवस जेवले नाहीत. नऊ वर्षांत एक फोन उचलला असता तर जेवणही गेले नसते आणि लेकही दिसली असती, परंतु हे सांगणार कोण? दरबारात सगळे पगारी.

त्या उपरी जावयाचे पत्र आले, की मुलगी लुचिया सात वर्षांची आहे, तिजला आजोळ पाहावयाचे आहे, मार्गशीर्षात आणतो, श्रीमंतांची मर्जी असल्यास चार दिवस राहील, परंतु तिला मराठी येत नाही. श्रीमंत संतापून म्हणाले, "चिमाने पोरीस आपली भाषा शिकविली नाही?" तेव्हा राणीसाहेब गजराबाई म्हणाल्या, "शिकवून बोलायची कोणाशी? तुम्ही तर फोन घेत नव्हतां." श्रीमंतांचे मनी एकच गोष्ट विचारावयाची होती: चिमा आमचे नाव घेत होती काय? कारभारी भिकाजीपंत हात जोडून म्हणाले, "महाराज, शहरात चांगला दुभाषी आहे, बोलावू?" श्रीमंत गरजले, "खबरदार! आमची नात, आमचा प्रश्न, मध्ये भाडोत्री तोंड कशाला? आम्ही स्वतः शिकू."

मग मोबाइल नामे यंत्रात घरबसल्या इटालियन शिकविणारे तीस पाठ घालून घेतले. पाठात एक बाई बोले, मग थोडी थांबे, त्या मोकळ्या जागेत शिकणाराने उत्तर द्यावे, मग बाई म्हणे, "ब्राव्हो!" म्हणजे शाबास. श्रीमंत स्नान करून, मांडी घालून, पुढेमागे डोलत एकेक पाठ एकवीस वेळा म्हणत, जैसी लहानपणी रामरक्षा म्हटली तैसी. अर्थ एकदा ऐकला, मग चाल तेवढी राहिली. पहिला पाठ नमस्काराचा, दुसरा हॉटेलातील खोलीचा, तिसरा कॉफीचा, चौथा रेल्वे स्टेशनाचा, पुढे बाजाराचा, ऐसे चालले. मनीचा प्रश्न कोठेच येईना. श्रीमंत म्हणत, "पुढे येईल." विसाव्यातही म्हणाले पुढे येईल, एकोणतिसाव्यातही म्हणाले पुढे येईल, आणि तिसाव्यात आली हरवलेली बॅग. तरी दर सोमवारी दरबार भरे, श्रीमंत पाठ म्हणून दाखवीत, आणि ज्यांस एक अक्षर कळत नव्हते ते माना डोलवीत, "वाहवा, खुद्द इटलीत ऐसे बोलत नसतील!" ऐसे लाळघोटे पोसले म्हणजे राज्यास शत्रू कशास हवा? राणीसाहेब मात्र म्हणाल्या, "त्या यंत्रातल्या बाईला आठ महिन्यांत तुमची एक चूक सापडली नाही? मला चाळीस वर्षांत रोज सापडते." श्रीमंत म्हणाले, "तुम्हांस शिकलेल्या बाईचे बरे पाहवत नाही."

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस लुचिया आली. चिमाबाईंचेच कपाळ, चिमाबाईंचेच कान, पाठीस लहान पिवळी बॅग. श्रीमंतांनी जावयास बाहेर बसविले. भिकाजीपंतांनी चोरून दुभाषी आणला होता, तो श्रीमंतांस कळला, त्यांनी त्यास दाराशीच उभा केला आणि ताकीद दिली की तोंड उघडशील तर याद राख. आणि श्रीमंतांनी सुरुवात केली. पाठ मधून येत नव्हता, पहिल्यापासूनच म्हणावा लागे, म्हणून नमस्कार जाहला, मग खोली रिकामी आहे काय जाहले, आणि मुलगी हसली. मग एक कॉफी, साखरेवाचून, ऐसे म्हणताच मुलीस खेळ वाटला, तिने रिकाम्या ओंजळीचा पेला करून आणून दिला आणि श्रीमंत तो प्याले. राणीसाहेबांनी पदर डोळ्यांस लावला. आठ महिन्यांत, किंबहुना नऊ वर्षांत, त्या वाड्यात खरे ऐसे तेवढेच एक घडले. मग मुलगी जवळ येऊन गुडघ्याशी बसली आणि हळू आवाजात पुष्कळ वेळ बोलली, आणि शेवटी काही विचारून थांबली. श्रीमंतांनी ऐकले नाही, थांबण्याची वाट पाहिली. मोकळी जागा आली तसा रांगेतला पुढचा पाठ छाती काढून खणखणीत म्हटला, "आ के ओरा पार्ते इल त्रेनो?"

दरबार म्हणाला, "वाहवा!" मुलगी उठली. तिने पिवळी बॅग पाठीस लावली आणि मागे न पाहता बाहेर गेली. बाहेर जावयाने तिचे रडणे पाहिले, तिला गाडीत घातले आणि धूळ उडाली.

"काय जाहले? मुलगी काय म्हणाली?" श्रीमंतांनी दुभाष्यास पुढे ओढले. तो म्हणाला, "सरकार, धाकट्या बाईसाहेब म्हणाल्या, आई रोज निजताना तुमची गोष्ट सांगे. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन हत्ती दाखवावयास नेत होतां. आई म्हणे, आजोबा रागीट आहेत, पण तू तिकडे गेलीस तर तुला परत जाऊ देणार नाहीत. तर मी इथे राहू का?"

"आणि आम्ही काय म्हणालो?"

"सरकार म्हणालां, गाडी किती वाजता सुटते?"

मग स्वार धाडले, तोवर विमान उठले होते. मग फोन केला, दहा वेळा केला, वीस वेळा केला, आणि तिकडून कोणी उचलला नाही.

दुसरे दिवशी सकाळी श्रीमंत स्नान करून मांडी घालून बसले, यंत्र चालू केले, पहिला पाठ लावला. बाई बोलली आणि थांबली. श्रीमंतांनी ओठ हलविला नाही. मोकळी जागा सरली. बाई म्हणाली, "ब्राव्हो!"

राणीसाहेब दारात होत्या. त्यांनी त्या दिवशी टोमणा मारला नाही.

इतकी हकिकत. गादी शाबूत आहे, दरबार सोमवारी भरतो, तिसांचे तीस पाठ मुखोद्गत आहेत. बोलावयास कोणी नाही.