समुद्र वगळून

आमच्या इलोइलो या बंदराच्या शहरातल्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्याला अ‍ॅनिमेशनचा लघुपट काढायचा असेल, तर आधी ‘प्राथमिक कथा व तंत्रज्ञान नियोजन समिती’ची मान्यता लागते. मी या समितीचा सचिव. मान्यतेशिवाय पेन्सिलीला टोक काढणंही नियमबाह्य आहे. हा नियम मीच लिहिला.

जानेवारीत अमिहान सोल्देविला ही तिसऱ्या वर्षाची मुलगी समितीपुढे आली. तिचे वडील लाकडी होडीतून गिमारास बेटावर उतारू नेतात. बंदरात फायबरच्या होड्या येणार होत्या आणि मेअखेर ही होडी मोडीत निघणार होती. होडीवाला आपल्या होडीला निरोप देतो, एवढीच तिची तीन मिनिटांची गोष्ट.

“तंत्रज्ञान कोणतं?” अध्यक्षा पेर्पेतुआ मॅडमनी विचारलं.

“पेन्सिल, मॅडम.”

मी मान्य तंत्रांची यादी पाहिली. यादीत पेन्सिल नव्हती. लघुपट कॉम्प्युटरवर करावा, असा ठराव झाला.

फेब्रुवारीत तंत्रज्ञानप्रमुख एल्मोर सरांचा अहवाल आला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पाण्याची एक लाट तयार व्हायला एकोणीस दिवस लागतात. सबब कथेतून समुद्र वगळावा.

“मग होडी चालणार कशावर, सर?” अमिहाननं विचारलं.

“ते कथा विभाग बघेल. मी तंत्र बघतो.”

कथा विभाग म्हणजे मीच. मी होडी जमिनीवर घेतली. मार्चमध्ये पेर्पेतुआ मॅडमना ती खटकली. “जमिनीवर होडी? प्रेक्षक गोंधळतील हो. हातगाडी करा.” हातगाडी झाली. दाढीचा एकेक केस हलवणं कॉम्प्युटरला झेपेना, म्हणून होडीवाल्याची दाढी गेली. रडायचं तर पुन्हा पाण्याचाच प्रश्न, म्हणून रडणंही गेलं. एप्रिलमध्ये चाकं फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरची मुदत संपली, तेव्हा हातगाडीचं खोकं झालं. खोकं आमच्या कॉम्प्युटरवर उत्तम येतं.

“सर, खोक्याला कोण निरोप देतं?”

“अगं, प्रतीकात्मक समज. इथं सही कर.”

तिनं सही केली. बोटांना लागलेल्या पेन्सिलीच्या शिशाचा कागदावर डाग पडला, म्हणून मी नवी प्रत काढायला लावली.

मेच्या पहिल्या आठवड्यात ‘खोकं : एक निरोप’ ही बत्तीस पानी योजना एकमतानं मंजूर झाली. तिला उत्कृष्ट नियोजनाचं पदकही मिळालं, ते समितीनं स्वीकारलं. लघुपट करायला वेळ उरला नव्हता. इतक्या चांगल्या योजनेनंतर लघुपटाची गरज काय, असं मॅडम म्हणाल्या आणि मी ते इतिवृत्तात घेतलं.

मेच्या शेवटच्या रविवारी अमिहाननं मला धक्क्यावर बोलावलं. दुपारच्या उन्हात तिकीटघराच्या खिडक्या गोणपाटानं झाकल्या होत्या, आत बाकांवर माणसं बसली होती आणि भिंतीवर चादर ताणली होती. पाच महिने वडिलांच्या होडीत बसून तिनं दोन हजार चित्रं काढली होती. आमच्या मान्यतेशिवाय.

चादरीवर पेन्सिलीच्या रेघा हलल्या आणि समुद्र झाला. होडीवाला शेवटचे उतारू सोडून परत आला. उद्या होडी तुटणार, तरी तो खाली बसला आणि डब्यानं आतलं पाणी उपसू लागला. तळ कोरडा होईपर्यंत. संपलं.

“तातय?” अमिहाननं हळूच विचारलं. तिचे तातय, म्हणजे वडील, पहिल्याच बाकावर होते.

“मी असाच बसतो होय गं?” म्हणत ते उठले, कोपऱ्यातला डबा उचलला आणि बाहेर होडीकडे गेले. अमिहान त्यांच्या मागे धावली.

माझा चष्मा ओला झाला होता, हे मी इतिवृत्तात घेतलेलं नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका सज्जनांनी हात वर केला.

“छान होतं हो. पण हे केलंय कुठल्या सॉफ्टवेअरवर?”

उत्तर ऐकायला सगळेच पुढे सरकले. समितीवर रसिक प्रेक्षकांमधून एक सदस्य घ्यायचा होता. मी वही उघडली आणि एका दमात चौदा नावं लिहिली. तुमचंही लिहिणार आहे. हा प्रश्न तुमच्याही ओठांवर आला होता, हे मी पाहिलंय.