गरम स्टूल

या, अगदी जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

एका प्रयोगशाळेत एक मिस्त्री होते. हुद्दा वेगळाच होता. पण हातानं काम करतो तो मिस्त्री, असा तिथला हिशोब. ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा श्वास रोखून काचेवर अंथरायचा, हे त्यांचं काम. नामस्मरणाच्या निष्ठेनं सहा वर्षं केलं, तेव्हा डोळ्यांना न दिसणारी ऊब त्या काचेत उजेड होऊन दिसू लागली.

एके दिवशी मोठे साहेब ती काच बसवलेलं यंत्र पाहायला येणार होते. पसंत पडलं तर मिस्त्रींना कायम करण्याच्या कागदावर सही. बायकोनं निघताना बजावलं होतं, "तिथं तोंड उघडू नका. तुम्ही बोललात की घोटाळा होतो."

साहेब येताच मिस्त्री स्टुलावरून उठून भिंतीशी उभे राहिले. दाखवायची होती उकळती किटली. पण माईक लावण्यासाठी कुणीतरी तिचाच प्लग काढला होता. पाणी गार, काच काळीठिक्कर. प्रयोगशाळेचे संचालक घाईनं पुढे झाले.

"किटली मरू दे! साहेब, हे माझं टेबल बघा. पहाटेपासून इथंच राबतोय!"

यंत्र टेबलाकडे वळलं. संचालकांची खुर्ची कुट्ट काळी. शेजारचं स्टूल मात्र पौर्णिमेच्या चंद्रासारखं झळकत होतं.

"खुर्ची गार कशी हो?" साहेब म्हणाले. "आणि हे स्टूल कुणाचं?"

मिस्त्रींना वाटलं, देव पावला. बायकोचं बजावणं विसरून त्यांनी हात वर केला. "माझं, साहेब! सकाळपासून उठलोच नाही!"

संचालक नम्रपणे हात जोडून म्हणाले, "साहेब, राबणाऱ्याला टेकायला फुरसत असते का? बसून कोण असतं, ते यंत्रानंच सांगितलं."

"वा! हे तर आळससुद्धा पकडतं!" साहेब खूश झाले. मिस्त्रींचा कागद फायलीत परत गेला.

"काय झालं?" घरी बायकोनं विचारलं.

"यंत्र उत्तम चाललं."

आता तिथली स्टुलं काढून टाकली आहेत. मिस्त्रींच्या जागी आलेला नवा माणूस उभ्यानं पापुद्रा अंथरतो आणि तो रोज फाटतो. मिस्त्रींनी नीट शिकवलं नाही, असं संचालकांनी लिहून ठेवलंय.

एवढंच मागणं आहे. अंधारात अशा काचेत कुणाची ऊब उजळलेली दिसली, तर मिस्त्रींची आठवण काढा. खरं नाव यंत्राच्या अहवालात शोधू नका. तिथं ते नाही.