उणे ऐंशीची खंडेनवमी

उणे ऐंशी अंश. झेंडूचे दोन हार. बजाबाईंच्या छातीतली गाठ. भिंतीतून उपसलेला प्लग.

ज्या यंत्रापुढे नारळ फुटतो ते यंत्र कधी दगा देत नाही, हे सर्वमान्य आहे. सात रस्त्याजवळच्या ऊतीपेढीचे अधीक्षक मुकुंदराव याच तत्त्वावर बढतीपर्यंत पोहोचले होते. (ऊतीपेढी म्हणजे कर्करुग्णांच्या काढलेल्या गाठींचे तुकडे जिथे संशोधनासाठी गोठवून ठेवतात ती जागा. पेढे मिळत नाहीत.)

माढ्याच्या बजाबाईंनी ऑपरेशनआधीच विचारलं होतं, "माजी गाठ घिऊन काय लोणचं घालता व्हय?"

"गोठवतो, आजी," तंत्रज्ञ वैदेही म्हणाली. "अशा शेकडो गाठी शेजारी ठेवून तपासल्या, तर हा आजार एकाच घरात का फिरतो ते कळेल."

बजाबाईंची आई यातच गेली. थोरली बहीणही. आता घरात लेक होती, तिशीची.

"माज्या रेश्माला उपेग हुईल?"

"होईलच असं सांगत नाही. पण तुकडा वितळला, तर कुणालाच होणार नाही."

"मग ठिवा की. लई जपून ठिवा."

मुकुंदरावांनी जपलं. खंडेनवमीला यंत्र राबवू नये, हे यंत्रमागांच्या गावात कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी प्रिंटर, झेरॉक्स, वजनकाटा आणि फ्रीजर सेवाज्येष्ठतेनुसार बंद केले. वैदेही रजेवर बार्शीला गेली होती. तिनं फ्रीजरवर चिकटवलेली ‘कधीही बंद करू नये’ ही सूचना हारामागं नीट झाकली गेली. वीज तुटताच फ्रीजरचा बॅटरीवरचा भोंगा वाजू लागला. आरतीला साथ झाली.

"परसन्न झालं की, सायेब!" शिपाई चन्नप्पा म्हणाला.

मग दसरा, शनिवार, रविवार. सोमवारी फ्रीजरखाली पाणी होतं.

चौकशी समितीला श्रद्धेत कसूर आढळली नाही. नमुने विश्रांतीच्या अवस्थेत निकामी झाले, प्रमाण शंभर टक्के (असं यश पेढीला एरवी कधी लाभलं नव्हतं). खुलासा वैदेहीकडून मागवण्यात आला: ऐन सणात रजेवर का?

पंधरवड्यानं बजाबाई तपासणीला आल्या. "सायेब, माजी गाठ बरी हाय न्हवं?"

"आजी, पूजा केली तिची."

"लई केलं बगा," म्हणत त्यांनी हात जोडले.

हार घातलेल्या त्या फ्रीजरचा फोटो तुम्हालाही मोबाईलवर आला होता. तुम्हीही हात जोडलेत, अंगठ्यानं, आणि पुढं पाठवलात.

रेश्माला स्वतःच्या काखेजवळ गाठ हाताला लागली होती, ती त्या पूजेच्याही आधी, श्रावणात.